मैदानावरची शिस्त आणि लोकशाही

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुन्नरहून नारायणगावकडे किंवा मंचरहून घोडेगावकडे जाणाऱ्या रस्त्याने सकाळी लवकर निघालेल्या माणसाला एक दृश्य दिसते. डांबरी रस्त्याच्या कडेने तरुण मुले, आणि आता मुलीही, धावत असतात. कोणाच्या पायांत चांगले बूट असतात, कोणाच्या पायांत फाटके. ही मुले हौसेने धावत नाहीत. पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत मुलांसाठी १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक अशी ५० गुणांची परीक्षा असते. मुलींसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर. त्या पन्नास गुणांसाठी ही धाव असते. २०२४ साली महाराष्ट्रात झालेल्या पोलीस भरतीत सतरा हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज आले होते सतरा लाखांहून अधिक. म्हणजे एका जागेमागे सुमारे शंभर. सैन्यात जाऊ पाहणाऱ्यांची गत वेगळी नाही. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेने चार वर्षांची नोकरी दिली आणि त्यानंतर फार तर चौथा हिस्सा कायम करण्याचे ठरविले.

अर्थशास्त्राच्या भाषेत याला मागणी व पुरवठा यांतील तफावत म्हणतात. परंतु जे नव्व्याण्णव परत येतात त्यांच्या लेखी ती नुसती तफावत नसते. दोन-तीन वर्षे कसून घडविलेले शरीर, अंगात मुरलेली शिस्त आणि मनात साचलेला अपमान घेऊन ते गावी येतात. या शरीराचे, या शिस्तीचे पुढे काय व्हायचे? त्यांच्याशी कोण बोलणार, काय बोलणार, आणि बोलून झाल्यावर त्यांनाही बोलू देणार काय? सांघिक व्यायामाचा विषय वरवर पाहता क्रीडाशिक्षकाचा वाटतो. वस्तुतः तो राजकारणाचा विषय आहे, आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी तो फार दिवस दुसऱ्यांवर सोडून दिला आहे.

या विषयाला इतिहास आहे. आपल्याकडे तालमीची परंपरा जुनी. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले यांनी शस्त्रविद्येचे धडे घेतले, हे सर्वांना ठाऊक आहे. मांग समाजातील वस्ताद आणि माळी समाजातील शिष्य असे ते नाते होते. शरीराच्या विद्येने जातीच्या उतरंडीला दिलेला तो एक धक्काच होता. तथापि तालीम ही मुख्यतः एकेकट्याची साधना असते. प्रत्येकाचे दंड वेगळे, प्रत्येकाची जोड वेगळी. शेकडो माणसांनी उघड्या मैदानावर एका तालात, एका आज्ञेवर हालचाल करावयाची आणि त्यानंतर चार शब्द ऐकावयाचे, ही रीत आधुनिक काळातली आहे.

जर्मनीत फ्रीड्रिख लुडविग यान याने १८११ साली बर्लिनजवळच्या हाझेनहाइडे येथे उघड्यावरची व्यायामशाळा काढली. नेपोलियनच्या टाचेखाली आलेल्या देशातील तरुणांची शरीरे आणि मने एकदमच उभी करावयाची, असा त्याचा हेतू होता. प्रशियाच्या राजवटीला या जमावाची पुढे इतकी धास्ती वाटली की तिने अशा व्यायामावर बंदीच घातली. १८६२ साली प्राग शहरात झेक लोकांनी ‘सोकोल’ ही संघटना काढली. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात दबलेल्या त्या राष्ट्राला सामूहिक कवायतीने आत्मविश्वास दिला. पुढे कामगारांनीही हे साधन हाती घेतले. १८९३ साली जर्मन कामगारांचा स्वतंत्र व्यायामसंघ स्थापन झाला. १९२५ साली फ्रँकफर्ट येथे आणि १९३१ साली व्हिएन्ना येथे कामगारांच्या ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. राष्ट्राराष्ट्रांतील चढाओढीपेक्षा कामगारांच्या बंधुभावावर त्यांचा भर होता.

मात्र याच इतिहासाची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच कामगारांचे व्यायामसंघ मोडून काढण्यात आले. मैदाने तीच राहिली, रांगा त्याच राहिल्या. केवळ आज्ञा देणारा बदलला आणि प्रश्न विचारणारा नाहीसा झाला. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले. त्याला विरोध म्हणून बार्सेलोना येथे त्याच वर्षीच्या जुलैत लोक-ऑलिंपिक भरावयाचे होते; परंतु स्पेनमध्ये लष्करी बंड उसळले आणि ते होऊ शकले नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक त्या वर्षी बर्लिनला गेले आणि भारतीय खेळांची प्रात्यक्षिके त्याने जगाला दाखविली. त्यांचे कौशल्य अस्सल होते, अभिमान बाळगावा असे होते. पण ज्या शहरात त्यांचे कौतुक झाले त्या शहरातील सत्ता शिस्तबद्ध शरीरांचा कोणता उपयोग करणार होती, हे जगाला तीन वर्षांनी कळले. व्यायाम स्वतः ना पुरोगामी असतो, ना प्रतिगामी. तो माणसाला बळ देतो आणि सवय लावतो. बळ कशासाठी आणि सवय कशाची, हे मैदानावरचा पुढारी ठरवीत असतो.

भारतातही हा प्रश्न लवकरच उभा राहिला. १९२३ सालच्या काकीनाडा काँग्रेसच्या वेळी डॉ. ना. सु. हर्डीकर यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानी सेवा दलाची उभारणी सुरू झाली. १९२५ साली नागपूर येथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना झाली. दोन्हींकडे मैदान होते, गणवेश होता, कवायत होती आणि बौद्धिक होते. बाह्य रूप सारखे, परंतु राष्ट्राची व्याख्या वेगळी. एकीकडे राष्ट्र म्हणजे या भूमीवर राहणारे सर्व लोक. दुसरीकडे राष्ट्राला धर्माची चौकट. तीसच्या दशकाच्या अखेरीस पुण्यातील समाजवादी तरुणांच्या ध्यानात आले की सभा, ठराव आणि वर्तमानपत्रे यांच्या बळावर कुमारवयातील मुलांपर्यंत पोहोचता येत नाही. मुलगा संध्याकाळी जेथे खेळायला जातो तेथेच त्याचे मन घडते. यातूनच १९४१ साली जूनमध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्याने घडण झाली आणि त्याचे दलप्रमुखपद एस. एम. जोशी यांच्याकडे आले.

एसेम हे या मातीचे. १२ नोव्हेंबर १९०४ रोजी त्यांचा जन्म जुन्नर येथे झाला. शिवनेरीच्या पायथ्याच्या या गावाचे नाव शिवजन्माशी जोडलेले आहे, ते योग्यच आहे. परंतु मैदानावरच्या शिस्तीला लोकशाहीची जोड देणारा माणूसही याच गावी जन्मला, याची आठवण जुन्नरच्या तरुणांना किती वेळा करून दिली जाते? १९२९ साली पुण्यातील पर्वतीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला, त्यात एसेम होते. १९४२ च्या लढ्यात भूमिगत असताना त्यांनी ‘इमाम अली’ या नावाने मुसलमानाचा वेष घेतला होता. ती सोय होती, परंतु त्या सोयीत संकोच नव्हता. रांगेत आपल्या शेजारी कोण उभा आहे हे पाहून ज्याच्या पायाची चाल बदलत नाही, असा तो दलप्रमुख होता.

सेवा दलाच्या शाखेचा तास साधा असे. मुलेमुली मैदानावर जमत. ध्वजाला वंदन होई. कवायत, लेझीम, खेळ होत. समरगीते म्हटली जात. आणि शेवटी कोणी तरी चार गोष्टी सांगे. यात नवे काय होते? पहिली गोष्ट अशी की मुलगे आणि मुली एकाच दलात आले. १९४१ च्या महाराष्ट्रात मुलीने उघड्या मैदानावर धावणे, मोठ्याने आज्ञा देणे आणि मुलांनी ती आज्ञा पाळणे, ही कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठी शिकवण होती. दुसरी गोष्ट, जातीचा आणि धर्माचा प्रश्न रांगेच्या बाहेर न ठेवता रांगेतच सोडविण्याचा प्रयत्न झाला. हाताला हात लावून फेर धरल्यावर विटाळाची चर्चा करायला जागा उरत नाही. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले. त्याआधी गुरुजींनी महाराष्ट्रभर जो दौरा काढला, त्यात सेवा दलाचे तरुण त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मैदानावर शिकलेली गोष्ट मंदिराच्या दारापर्यंत नेता येते, याचा तो दाखला होता. तिसरी गोष्ट, शरीरश्रमाचा शेवट सेवेत झाला. साने गुरुजींच्या पश्चात त्यांच्या नावाने सेवापथक निघाले आणि तरुणांनी गावोगाव श्रमदान केले. चौथी गोष्ट, दलाच्या कलापथकांतून वसंत बापट यांच्यासारख्या कवीची वाणी आणि निळू फुले यांच्यासारख्या नटाची उमेदवारी घडली. उपदेशाला हसण्याची आणि गाण्याची जोड मिळाली की तो अंगी लागतो.

असे असूनही पुढच्या काळात शाखा का ओसरल्या? याचा दोष केवळ विरोधकांच्या साधनसंपत्तीवर टाकणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. खेळ आखडला आणि बौद्धिक लांबले. घामेजलेल्या मुलांपुढे तासभर जागतिक परिस्थितीचे विवेचन करणाऱ्या वक्त्याला मुले जांभया का देत आहेत हे कळले नाही. शाखेची भाषा शहरी, शिकलेल्या घरांची राहिली. वाडीवस्तीवरच्या मुलाला ती परकी वाटली. पुढाऱ्यांचे वय वाढले, परंतु आज्ञा देण्याचा अधिकार त्यांनी तरुणांच्या हाती वेळेवर दिला नाही. जो पक्ष सत्तेच्या विकेंद्रीकरणावर ठराव करतो, त्याच्या मैदानावरील शिट्टी वीस वर्षे एकाच गळ्यात अडकून राहावी, हा विरोधाभास तरुणांच्या नजरेतून सुटत नसतो.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. ज्याचा दिवस कष्टातच जातो त्याला व्यायाम कशाला? भीमाशंकरच्या डोंगररांगेतील महादेव कोळी बाई आषाढात गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर भाताची लावणी करते. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चढण चढते. तिला कोणी पहाटे उठून हातपाय हलवायला सांगितले तर ती हसेल, आणि तिचे हसणे रास्त ठरेल. प्रौढाने आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा हिशेब बैठ्या माणसाला जागे करण्यासाठी ठीक आहे. कष्टकऱ्याच्या बाबतीत तो अपुरा पडतो. श्रम आणि व्यायाम यांत भेद आहे. श्रमात शरीराचा एकच भाग पुनःपुन्हा झिजतो, विश्रांती मालकाच्या किंवा पावसाच्या मर्जीवर असते आणि कष्टाचे फळ बहुधा दुसऱ्याच्या पदरात पडते. व्यायामात शरीर स्वतःसाठी वापरले जाते. म्हणून कष्टकऱ्याला व्यायाम नको असे नव्हे. त्याला आधी विश्रांती, पोटभर अन्न आणि स्वतःच्या शरीरावर स्वतःचा हक्क हवा. हे न समजता जो मैदानावर आरोग्याचा उपदेश करील, तो नकळत सुखवस्तू वर्गाचाच प्रचारक ठरेल.

या बाबतीत आंबेगाव आणि जुन्नरच्या आदिवासी पट्ट्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तेथे ‘पडकई’ची रीत आहे. डोंगरउतारावर भातखाचर काढावयाचे तर दगड उचलणे, बांध घालणे, माती ओढणे हे एका कुटुंबाचे काम नव्हे. म्हणून अनेक कुटुंबे एकत्र येतात. आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या. देशावर ‘इर्जिक’ आणि ‘सावड’ या नावांनी असाच सहकार चालत आला. ज्यांच्या बापजाद्यांच्या जमिनी डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेल्या, ज्या पाण्याने मूळचे आंबेगावही बुडविले, त्या लोकांच्या दृष्टीने उतारावरचे नवे खाचर म्हणजे जगण्याचा दुसरा डाव होता. उघड्या आभाळाखाली, एका तालात, अनेकांनी मिळून केलेली ही मेहनत आहे, आणि तिच्यात कोणी कोणाचा हुकूमदार नाही. आज मी तुझ्या बांधावर, उद्या तू माझ्या, हाच तिचा संदेश. तो सांगायला वक्ता लागत नाही. शहरातून जाणाऱ्या कार्यकर्त्याने तेथे शिकवायला जाण्याऐवजी आधी दगड उचलायला जावे.

आता पुन्हा रस्त्यावर धावणाऱ्या मुलांकडे येऊ. त्यांच्यापर्यंत आज कोण पोहोचते? एक, बाजार. भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या नावाने फी घेणारे वर्ग निघाले आहेत. मोठ्या गावांत यंत्रांच्या व्यायामशाळा आहेत. ज्याला फी परवडते तो तेथे जातो, उरलेले डांबरावर धावून गुडघे आणि नडग्या दुखवून घेतात. दोन, द्वेषाचे राजकारण. भरतीतून परतलेल्या तरुणाला ते सांगते की तुझी नोकरी अमुक जातीने घेतली, अमुक धर्माने घेतली. शंभरांतील नव्व्याण्णवांना जागाच नव्हती, हा साधा हिशेब त्याला कोणी मांडून दाखवीत नाही. बळकट शरीर आणि चुकीचा शत्रू यांची गाठ पडणे, यासारखा समाजाला दुसरा धोका नाही. जर्मनीत तेच घडले होते.

मैदानाचा प्रश्नही साधा राहिलेला नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण असावे असा निकष घातला. पण क्रीडांगण कागदावर असणे वेगळे आणि संध्याकाळी गावातल्या मुलामुलींना ते मोकळे मिळणे वेगळे. गायरानांवर अतिक्रमणे होतात. त्यातच या भागाचे एक खास संकट आहे. कालव्यांचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केले. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र हे जुन्नरच्या या नव्या वास्तवाचेच चिन्ह होय. पहाटेच्या अंधारात उसाच्या कडेने एकट्याने धावणे म्हणजे जिवाशी खेळ. बिबट्याच्या भीतीने सर्वांत आधी मुलींचे धावणे बंद होते. तेव्हा उजाडल्यानंतर, उसापासून दूर, दिव्याच्या सोयीने, समूहाने व्यायाम करणे ही आता चैन किंवा उत्साहाची बाब राहिलेली नसून सुरक्षिततेची गरज झाली आहे. ग्रामसभेत मैदानासाठी आणि मैदानावरच्या दिव्यासाठी ठराव मागणे, हा पहिला कार्यक्रम होऊ शकतो.

कार्यकर्त्याने मैदानावर नेमके काय करावे? प्रथम, त्याने स्वतः घाम गाळावा. सावलीत खुर्ची टाकून शिट्टी वाजविणाऱ्याचा संदेश कोणी ऐकत नाही. सुरुवात सावकाश चालण्याने आणि सांधे मोकळे करण्याने व्हावी. दिवसभर निंदणी-खुरपणी करून आलेल्या मुलीला आणि दिवसभर बसून अभ्यास केलेल्या मुलाला एकाच मापाने पळवू नये. त्यानंतर धावणे, दंड-बैठका, लेझीम, खो-खो, लंगडी, हुतूतू, जे त्या गावाला रुचेल ते. हलगीवर लेझीमचा ताल धरला की पन्नास अनोळखी माणसे दहा मिनिटांत एक होतात. हे काम भाषणाने दहा वर्षांत होत नाही. जो मागे पडतो त्याच्यासाठी रांगेने वेग कमी करावा. पुढच्याने मागच्याची वाट पाहणे हा समाजवादाचा पहिला धडा आहे, आणि तो पायांनी शिकावा लागतो.

शेवटी बोलावे, पण पाच मिनिटे. विषय एक असावा आणि तो त्या गावचा असावा: रोजगार हमीच्या मजुरीचा हिशेब, कांद्याचा भाव आणि बाजारातली किंमत यांतले अंतर, धरणग्रस्ताचा अडलेला दाखला, भरतीच्या जागांचा आणि अर्जांचा आकडा. ‘मनात आणले तर काहीही अशक्य नाही’ असला उपदेश करू नये. तो ऐकायला गोड, परंतु परिणामी क्रूर आहे. कारण अपयशी ठरलेला तरुण त्यातून एवढेच शिकतो की दोष आपलाच. त्याच्या मेहनतीचे कौतुक जरूर करावे, आणि त्याच वेळी सांगावे की जागा कमी असणे हा त्याच्या पायांचा दोष नव्हे. बोलून झाल्यावर किमान तितकाच वेळ प्रश्नांसाठी ठेवावा. रांग मोडून वर्तुळात बसावे. वर्तुळात पहिला आणि शेवटचा नसतो. उठताना दुसऱ्या दिवशी आज्ञा कोण देणार हे ठरवावे, आणि ती पाळी सर्वांवर यावी: मुलीवर, ठाकरवाडीच्या पोरावर, मुसलमान मोहल्ल्यातल्या मुलावर. आज आज्ञा देणारा उद्या आज्ञा पाळणारा असला की शिस्तीतले गुलामगिरीचे विष उतरते.

मैदानाला भांडवल लागत नाही, हे त्याचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य. पक्षाजवळ पैसा नाही, वृत्तवाहिन्या नाहीत, हे गाऱ्हाणे खरे असले तरी जुन्नर-आंबेगावात रोज सकाळी शेकडो तरुण आपणहून उठून घाम गाळीत आहेत. त्यांना गोळा करण्यासाठी मोटारी पाठवाव्या लागत नाहीत. एवढेच करावयाचे की त्यांच्यापेक्षा पाच मिनिटे आधी उठून त्यांच्याबरोबर धावायला लागावे. एसेमनी जून १९४१ मध्ये दलाची धुरा घेतली आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘चले जाव’चा पुकारा झाला, तेव्हा महाराष्ट्रभर त्या मुलांनी लढ्याची कामे अंगावर घेतली. तयारीला जेमतेम चौदा महिने मिळाले होते. इतिहास पुढच्या हाकेला किती अवधी देईल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून मैदानावर जायला उद्याची सकाळ हीच योग्य वेळ आहे.